शनिवारची बाटली

कंपाउंडरच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, समांगी आणि विषमांगी. देव, सरकार, नशीब वगैरे बाकीचं सगळं त्यानं इतरांच्या करमणुकीसाठी सोडून दिलं होतं. सकाळी चहाचा कप हातात आला की तो आधी आत डोकावून बघायचा. साखर पुरती विरघळलेली असली तर चहा समांगी. तळाशी दाणे दिसले तर विषमांगी. बिस्कीट बुडवताना तुटून तळाला गेलं, तर तो बायकोकडे असा बघायचा, की बिस्किटाचा तो मऊपणा तिच्या माहेरून आला असावा.

हे ज्ञान त्याला शाळेत मिळालं होतं, आणि शाळेतलं तेवढंच त्याच्याजवळ टिकलं होतं. रसायनशास्त्रात तो गटांगळ्या खात असताना मास्तरांनी एकदा टेबलावर दोन पेले ठेवले. एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात मातीचं. "पहिल्यात कुठूनही चमचा घाला, सारखंच मिळेल. हे समांगी. दुसऱ्यात वर एक आणि खाली एक. हे विषमांगी." एवढं सांगून मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांचा डोळा लागला. बाकीच्या वर्गानं त्या वेळाचं चीज केलं. हा मात्र दोन्ही पेल्यांकडे बघत बसला. मिठाचं पाणी लख्ख होतं, मातीचं घाण. त्या दिवशी त्याच्या डोक्यात जे बसलं ते असं, की समांगी म्हणजे चांगलं आणि विषमांगी म्हणजे वाईट. मास्तर असं काही म्हणाले नव्हते. पण ते घोरत होते, त्यामुळे खात्री करून घ्यायची सोय नव्हती.

पुढे तो एका दवाखान्यात कंपाउंडर झाला आणि त्याच्या ज्ञानाला मोकळं रान मिळालं. दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत डॉक्टर, त्यांचं टेबल आणि त्यांचं वर्तमानपत्र. आतल्या खोलीत लाकडी आडोशामागे कंपाउंडर, बाटल्या, डिंकाची वाटी आणि कात्री. आडोशाला एक खिडकी होती. पेशंट घरून रिकामी बाटली आणायचा, ती खिडकीतून आत सरकवायचा. कंपाउंडर ती भरायचा, डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवायचा, आणि खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचा, "घेण्यापूर्वी बाटली हलवून घ्या." हे तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा, की डॉक्टरांनी काय सांगितलं ते लोक विसरत, पण हे विसरत नसत.

रिकाम्या वेळात तो माणसांचंही वर्गीकरण करायचा. डॉक्टर समांगी. कुठूनही चमचा घाला, सारखाच आळस. मेहुणा विषमांगी, वर साखर आणि खाली वाळू. बायकोबद्दल मात्र त्याचं मत पक्कं होत नव्हतं. वरून ती शांत दिसायची, पण तळाशी काय साठलंय हे ढवळल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं, आणि ढवळायची त्याची छाती नव्हती.

दवाखान्यात सगळ्यात जास्त खप होता तो पोटातल्या जळजळीच्या औषधाचा. त्यासाठी एक थोरली काचेची बरणी होती, लहान मूल आत बसेल एवढी, आणि तिला तळाशी तोटी होती. रविवारी दवाखाना बंद असताना कंपाउंडर जाऊन ती भरून ठेवायचा. पाणी, साखरेचा पाक, गुलाबी रंग, पुदिन्याचा अर्क आणि डॉक्टरांनी आणून ठेवलेल्या पांढऱ्या पुडीची अख्खी पिशवी. पाक, रंग आणि अर्क बघता बघता पाण्यात मिसळून जात. पांढरी पूड मात्र हटवादी. कितीही हलवली तरी विरघळायची नाही, आणि सोमवारी सकाळी बघावं तर तळाशी जाड थर करून बसलेली असायची. वर निवळ, गुलाबी, आरपार दिसणारं पाणी.

बरणीबरोबर एक लाकडी दांडाही आला होता, वल्ह्यासारखा चपटा. तो कशासाठी, असा प्रश्न कंपाउंडरला पडला नाही. दवाखान्याची मागची खिडकी आपोआप मिटायची, तिला तो दांडा छान अडकत होता.

पांढऱ्या पुडीबद्दल त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. जे पाण्यात विरघळत नाही ते औषध कसलं? ती नुसती भर. दूधवाला दुधात पाणी घालतो तशी औषधवाले औषधात खडूची भुकटी घालतात, म्हणजे लोकांना काहीतरी जाडसर प्यायल्याचं समाधान. खरं औषध वरचं, जे रंगात आणि वासात मिसळून एकजीव झालंय ते. खालचा तो गाळ.

आता गाळ कुणाला तरी द्यायलाच हवा. तोटी तळाशी असल्यामुळे तो आधी बाहेर यायचा, आणि म्हणून सोमवारच्या पेशंटांच्या वाट्याला जायचा. सोमवारी तोटीतून औषध असं पडायचं, की मध्येच ती तुंबायची आणि कंपाउंडरला तार घालून मोकळी करावी लागायची. बुधवारपर्यंत धार पातळ व्हायची. शनिवारी संध्याकाळी बरणीत उरायचं ते लख्ख, निवळ, समांगी औषध. त्याची एक बाटली भरून कंपाउंडर ती खिशात टाकायचा आणि घरी न्यायचा. कारण त्याच्या बायकोला कित्येक वर्षं पोटात जळजळीचा त्रास होता, आणि आपल्या माणसाला लोकांचा गाळ पाजणाऱ्यांतला तो नव्हता.

"हे खास तुझं," तो बाटली तिच्या हातात देताना म्हणायचा. "हलवायचीही गरज नाही. यात हलवण्यासारखं काही नाहीच."

यात त्यानं लबाडी केली होती हे खरं. पण ती बायकोसाठी केलेली लबाडी होती, आणि अशा लबाडीचा माणसाला अभिमान वाटतो तसा त्यालाही वाटायचा.

इकडे गल्लीत वेगळंच काही चाललं होतं. सोमवारी औषध नेलेल्या माणसाची जळजळ दोन डोसांत थांबायची. शुक्रवारी नेलेला मात्र बाटली संपवूनही पोट धरून बसायचा. लोकांनी यावर विचार केला आणि निष्कर्ष काढला, की कंपाउंडरच्या हाताला गुण आहे, पण तो सोमवारचा. रविवारच्या विश्रांतीनं हात ताजा होतो, आणि आठवडाभर झिजत जातो. सोमवारी दवाखान्यापुढे रांग लागू लागली. रांगेत पहिला नंबर एका पेन्शनरचा असायचा. जळजळ थांबली की त्यांना दुसरी तक्रार सुरू व्हायची, ती म्हणजे सकाळी काही केल्या पोट साफ न होण्याची. पण ती ते उघडपणे सांगत नसत, आणि सांगितली असती तरी तिचा संबंध कुणी खडूशी लावला नसता. "हात आहे तुमचा," ते खिडकीत तोंड घालून म्हणायचे, आणि कंपाउंडर मान खाली घालून पट्टी कातरायचा. बाहेरून तो नम्र दिसायचा. आतून त्याला आभाळ ठेंगणं झालेलं असायचं.

एवढा हाताला गुण, आणि घरच्याच बाईला काही उपयोग नाही, हे त्याला सलायचं. त्यानं कारणं शोधली. तू तिखट फार खातेस. तू जेवणाच्या वेळा पाळत नाहीस. तू राग मनात धरतेस, तो जळतो. बायको ऐकून घ्यायची. तिनं तिखट सोडलं, चहा कमी केला, वेळेवर जेवू लागली. राग मात्र सोडला नाही, कारण नवरा रोज नवीन पुरवत होता. जळजळ होती तिथेच होती.

शेवटी एका गुरुवारी तोच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, यावरूनच कंपाउंडरला परिस्थितीचं गांभीर्य कळलं. त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं.

"आपलं औषध घेताय ना?"

"बरीच वर्षं," ती म्हणाली.

"आणि फरक?"

"तोंड गोड होतं."

डॉक्टरांनी भुवया चढवल्या. "या औषधानं भल्याभल्यांची जळजळ थांबते. तुमची इतकी वर्षं थांबत नाही, म्हणजे आत काहीतरी असणार. मोठ्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून बघू. कदाचित तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. पुढच्या आठवड्यातली तारीख घेतो."

कंपाउंडरच्या तोंडचं पाणी पळालं. आत काहीतरी. 'काहीतरी' म्हणजे काय हे डॉक्टर सांगत नव्हते, आणि विचारायला याची जीभ उचलत नव्हती. घरी येताना बायको भाजीच्या दुकानापाशी थांबून मटारचा भाव करत होती, आणि हा शेजारी पिशवी धरून उभा राहून मनातल्या मनात तिच्याशिवायचं घर बघत होता. त्या घरात चहा समांगी होता की विषमांगी, हे सांगायला समोर कुणी नव्हतं. तो फार घाबरला. इतका, की भाजीवाल्यानं मटारात खराब शेंगा घातल्या त्या त्यानं मुकाट्यानं घेतल्या.

मंगळवारी तो कामावर असताना दुपारी तिला जोराची कळ आली. समोरच्या शिवणवाल्या काकू ब्लाउजचं माप घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मापाची पट्टी गळ्यात टाकली, धावत घरी गेल्या आणि आपली बाटली घेऊन आल्या. कालच रांगेत उभं राहून आणलेली, सोमवारची. त्यांनी ती दणदणा हलवली आणि एक डोस तिला पाजला. थोड्या वेळानं आणखी एक, आणि बाटली तिथेच ठेवून गेल्या.

संध्याकाळी कंपाउंडर घरी आला तेव्हा बायको खिडकीत बसून मटार सोलत होती आणि गुणगुणत होती. ती गुणगुणते हे तो विसरूनच गेला होता.

"कळ आली होती," ती म्हणाली. "काकूंच्या बाटलीतलं घेतलं. थांबली बघा. जळजळही नाही. किती दिवसांनी असं हलकं वाटतंय."

कंपाउंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या बाईची बाटली, आणि तीही सोमवारची. त्यानं दोन्ही बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"हे बघ. ही तुझी. आरपार दिसतंय. कुठूनही चमचा घाल, सारखंच. आणि ही काकूंची. वर पाणी, खाली राड. तू गाळ प्यालीस, अगं."

"गाळानं बरं वाटलं," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

यावर खरं तर त्याच्याजवळ उत्तर तयार असायला हवं होतं. मनाचे खेळ, योगायोग, गुण माझ्या हाताचा वगैरे. पण तो बाटल्यांकडेच बघत राहिला. मावळतीचं ऊन दोन्ही बाटल्यांतून येत होतं. एकीतून आरपार येत होतं. दुसरीत तळाशी अडत होतं. त्याच्या मनात एक हिशेब आपोआप मांडला गेला, आणि तो त्याला मोडता येईना. आपलं म्हणणं बरोबर असेल, तर ही खरं औषध वर्षानुवर्षं घेतेय आणि तरी बरी होत नाही. म्हणजे आत काहीतरी आहे. पण आपलं म्हणणं चुकीचं असेल, तर हिनं औषध कधी घेतलंच नाही. मग आत काही नसेलही. जन्मात पहिल्यांदा आपण चुकलेलो असावं, अशी त्याला मनापासून इच्छा झाली. तो चप्पल घालून तसाच निघाला.

डॉक्टर कुलूप लावत होते.

"डॉक्टर, जळजळीच्या औषधात औषध कुठलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते गुलाबी की पांढरं?"

डॉक्टरांना वाटलं याला ताप आहे. "पांढरं. खडूची पूड. ती पोटातलं आम्ल मारते. गुलाबी नुसता रंग, आणि पुदिना वासापुरता. का?"

"पण ती विरघळत नाही. विषमांगी आहे."

"आहेच. म्हणून तर ढवळून द्यायचं, हलवून घ्यायचं. विषमांगी म्हणजे काही वाईट नव्हे, कंपाउंडर. दूधही तसंच असतं. दिसतं एकसारखं, पण आत चरबीचे बारीक थेंब तरंगत असतात. नुसतं दिसण्यावर जाऊ नये."

"दूधसुद्धा?"

"दूधसुद्धा."

कंपाउंडरनं डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि हसायला लागला. "म्हणजे मी गाढव आहे," तो म्हणाला. डॉक्टरांनी कुलूप पुन्हा उघडलं आणि त्याला आत बसवून पाणी दिलं. मग त्यानं सगळं सांगितलं. तोटी, गाळ, शनिवारची बाटली, मागच्या खिडकीतला दांडा. त्या आडोशामागे आपण इतक्या वर्षांत एकदाही डोकावलो नाही, हे बहुधा त्यांनाही आठवत असावं. मग ते एवढंच म्हणाले, "हॉस्पिटलची तारीख पुढे ढकलू. आधी दोन आठवडे तिला नीट औषध द्या."

घरी परत जाताना तो जवळजवळ नाचत होता. दारात पाऊल टाकल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं, की आपण गाढव आहोत ही आनंदाची बातमी आता बायकोला सांगायची आहे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. सोललेले मटार झाकून ठेवले. हात धुतले. ती इतकी सावकाश हात पुसत होती, की त्याला डॉक्टरांचं कुलूप आणि पाण्याचा पेला बरा वाटला.

"म्हणजे इतकी वर्षं मी नुसतं साखरेचं पाणी पीत होते."

"हो."

"आणि तुम्ही म्हणत होता मी राग धरते म्हणून जळतं."

"हो."

"माझं तिखट बंद केलंत."

"केलं."

"आणि तो गाळ आहे असं तुम्हाला वाटत होतं, तरी तुम्ही तो लोकांना पाजत होता. काकूंना. त्या म्हाताऱ्या पेन्शनरांना."

यावर 'हो' म्हणणं अवघड होतं. "तुझ्यासाठीच," तो म्हणाला.

"लोकांना फसवायला गेलात आणि माझं पोट जाळलंत," ती म्हणाली. ती आवाज चढवून बोलली नाही, त्यामुळे त्याला जास्त लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याच वेळी ओठ हसू दाबत होते. वर काय आणि तळाशी काय हे त्याला याही वेळी सांगता आलं नसतं. "यापुढे माझ्यासाठी वेगळं काही काढायचं नाही. कळलं?"

शनिवारची बाटली तिनं उचलली आणि मोरीत ओतून दिली. मोरीला पुदिन्याचा वास सुटला.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं मागच्या खिडकीतला दांडा काढला, घासून धुतला, उकळत्या पाण्यातून काढला आणि बरणीत घातला. खिडकीला डॉक्टरांचं वर्तमानपत्र घडी करून लावलं, आणि डॉक्टरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून प्रत्येक बाटली भरण्यापूर्वी तो तळापासून ढवळू लागला. सोमवारी जे औषध तेच शनिवारी. गल्लीला हे पचलं नाही. सोमवारच्या औषधात पूर्वीचा दणका राहिला नव्हता, आणि बाकीच्या दिवसांचं सुधारलंय हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण बाकीच्या दिवशी कुणाची तशी अपेक्षाच नव्हती. पेन्शनरांनी खिडकीत तोंड घालून निकाल दिला. "हात गेला तुमचा, कंपाउंडर. पोट साफ होतंय आता, ते जाऊ दे. पण औषधात ती ताकद नाही."

सांगायला सोपं होतं. अहो, हात नव्हताच, खडू होता. पण मग तुमच्या वाट्याला तो का येत होता, हेही सांगावं लागलं असतं. कंपाउंडरनं मान खाली घातली आणि पट्टी कातरली. हाताचा गुण ही त्याची एकुलती एक इस्टेट होती, आणि ती अशी लोकांच्या तोंडून जाताना ऐकणं त्याच्या जिवावर आलं होतं.

सोमवारची रांग रोडावली तरी थोडीफार लागायची. ढवळलेल्या औषधाची बायकोची पहिली बाटली संपल्यावर, दोन आठवड्यांनी, अशाच एका सोमवारी तो पुढची बाटली घ्यायला हात बाहेर काढतो, तर बाटली ओळखीची. मान वाकवून पाहिलं, तर बायको. तिच्यापुढे शिवणवाल्या काकू, मागे पेन्शनर.

"तू कशाला उभी राहिलीस? मी आणलं असतं घरी."

"मला रांगेतलंच हवंय."

"त्रास काय होतोय?" त्यानं सवयीनं विचारलं.

"आता काही नाही. डॉक्टर म्हणाले दुर्बीण नको, हेच आणखी थोडे दिवस घ्या. बाकी जो त्रास आहे तो खिडकीच्या आत उभा आहे."

रांग हसली. कंपाउंडरनं दांडा बरणीत घातला आणि ढवळायला लागला. तळापासून, कडेकडेनं, मधून. इतरांसाठी ढवळायचा त्याच्या दुप्पट वेळ.

"पुरे की," पेन्शनर मागून म्हणाले. "लोणी काढताय का?"

त्यानं बाटली भरली, पट्टी चिकटवली आणि बाहेर सरकवली. तिनं ती उजेडाकडे धरली. काकूंची बाटली घेऊन शेजारी धरली. दोन्हींत सारखंच होतं, वरपासून खालपर्यंत दाट, फिकट गुलाबी. मग तिनं काकूंची बाटली त्यांना परत दिली, पण जागची हलली नाही.

"तुम्ही काहीतरी विसरलात," ती म्हणाली.

"काय?"

"सगळ्यांना सांगता ते."

कंपाउंडरनं खिडकीतून मान बाहेर काढली. घसा खाकरला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं, एक तिला सोडून.

"घेण्यापूर्वी बाटली हलवून घ्या," तो म्हणाला.

"घेईन," ती म्हणाली, आणि पेन्शनरांना पुढे यायला जागा करून दिली.